पांढरी शिवराई

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी गेणबा, आजवर पुष्कळ थापा मारल्या. ताम्हिणीला पाऊस इतका, की तिथली रेडकं इरलं पांघरूनच जन्माला येतात, ही थाप माझीच. पण विस्तव नाही, भट्टी नाही, माणसाच्या उघड्या तळहातावर तांब्याचं नाणं चांदीचं होताना मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. ही थाप नव्हे. साक्षीदार इथंच बसली आहे. मेंढ्या कातरायचं काम चाललंय, कातर भिकूच्या हातात आहे, आणि राजाबाई पुढ्यातली लोकर निवडतेय. माझा शब्द घसरला तर ती कान उपटेल.

"धराय जागा हाय का कानाला?" राजाबाई म्हणाली. "सांग तू. हात चालत्यात आमचं."

तर सन पंचवीसचा उन्हाळा. आमच्या जुन्या उंबरवाडीत, उंबराखाली, एवढी माणसं दाटली होती की कावळ्यांना फांदीवर पाय टेकायला जागा नव्हती.

"चाळीस माणसं हुती."

चाळीस तर चाळीस. वाडीच तेवढ्या उंबऱ्यांची, घरटी एक माणूस. मधे घोंगडीवर धवळनाथबुवा. अंगाला राख, गळ्यात कवड्या, डोळे अर्धे मिटलेले, जेवून उठलेल्या पाहुण्यासारखे. पुढ्यात कुशाबा बसला होता. त्याच्या तळहातावर, बुवानं नुकतीच डोळ्याला लावून परत ठेवलेली जुनी शिवराई, काळी पडलेली. बुवानं कमरेच्या बटव्यातून चिमूटभर विभूती काढली, नाण्यावर टाकली, अंगठ्यानं चोळली. एक फेरा, दोन फेरे, तिसऱ्या फेऱ्याला नाणं उजळलं. पांढरं, चकचकीत. कुशाबानं तळहात कलवला आणि त्या पांढऱ्या नाण्यावरचं ऊन उंबराच्या बुंध्यावर नाचायला लागलं.

"देवीआई नाण्यात आली," बुवा म्हणाला. "तांबं तापट असतं. चांदी थंड. पाणीही थंड. थंडाला थंड ओळखतं. धरणाचं पाणी उंबऱ्याशी येईल, खाली चांदी बघेल, म्हणेल, अरे ही तर आपली बहीण! आणि मागं फिरेल."

आता असलं बोलणं ऐकून तुम्ही हसता. आम्हीही हसलो असतो, चार वर्षं आधी. पण तेव्हा वाडीत हसणं उरलंच नव्हतं. मुळा नदीला धरण बांधायचं ठरलं, मोजणीदार आले, आणि आमच्या घरांच्या कितीतरी वर, टेकडीच्या दगडावर त्यांनी चुन्याची पांढरी रेघ मारली. पाणी इथपर्यंत. त्या रेघेखाली आमची चूल, गोठा, खाचरं, म्हसोबा, सगळं. सत्याग्रह झाला, गाणी झाली, माणसं तुरुंगात जाऊन परत आली. मग ओरडून ओरडून घसा बसावा तशी सगळी वाडीच बसली.

पहिल्या वर्षी शाकारणी बंद झाली. बुडणाऱ्या घराला गवत कशाला? मग सारवणं बंद झालं. मग एक दिवस ध्यानात आलं की बांधावरची भांडणंही बंद झालीत. कुशाबा आणि त्याचा चुलतभाऊ वीतभर बांधासाठी वीस वर्षं एकमेकांच्या उरावर बसत होते, ते आता त्याच बांधावर शेजारी शेजारी बसून तंबाखू मळायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. मला तेव्हा खरी भीती वाटली. माणसं रडत असली की बरं असतं.

अशा वाडीत बुवा आला. आणि लक्षात घ्या, तो पैसा घेत नव्हता. नारळ नाही, कोंबडं नाही, शिधासुद्धा मूठभरच. तुमचं नाणं हातात घ्यायचं, डोळ्याला लावायचं, आई म्हणायचं, पांढरं करायचं, तुमच्या हातात परत. जो काही घेत नाही तो फसवील कशाला, असं सगळे म्हणाले.

अटी मात्र होत्या. नाणं जुनं हवं, देवातलं हवं. "परक्या राजाचं मुंडकं असलेलं नको, आईला ओकारी येते." पांढरं झालं की फडक्यात बांधून उंबऱ्याखाली पुरायचं. नारळी पुनवेपर्यंत उकरायचं नाही. चिंच लावायची नाही, विस्तव दाखवायचा नाही. "आईला आंबट सोसत नाही."

"तसं म्हनला खरा," राजाबाई म्हणाली. "मला तवाच वाटलं, आई म्हनजे काय दुधाचं गाडगं हाय का, आंबटानं नासाया."

वाटलं होतं तर बोलली का नाहीस? जाऊ दे. तिचीच गोष्ट आहे.

राजाबाईचा धनी वारला होता. घरात ती, तीस-पस्तीस मेंढरं आणि देवातली शिवराई. ती शिवराई तिच्या सासरची. कुणी एक खापरपणजोबा घनगडावर पहाऱ्याला होता, त्याच्या पगारातलं ते शेवटचं नाणं, असं घरात सांगायचे. तिचा भाऊ धुळाजी पौडाकडच्या माळावरून बैलगाडी घेऊन तिला न्यायला आला होता. पाऊस लागला की गाडीवाट बंद, मग एकट्या बहिणीला मेंढरांसकट काढायचं कसं, म्हणून. ती तयारही झाली होती. जातं गाडीत चढवलं होतं.

तेवढ्यात बुवा तिच्या दारात आला. वाट दाखवायचा मान माझा, मी माझ्या नव्या कोऱ्या वहाणा करकर वाजवत पुढं. बुवा अंगणातच थबकला, नाक वर केलं आणि ओरडला, "घुसमटतेय! काळ्या घोंगडीच्या तुकड्यात, बिरोबाच्या टाकाखाली, डाव्या कोनाड्यात, आई घुसमटतेय!"

राजाबाईनं डाव्या कोनाड्यातला बिरोबाचा चांदीचा टाक उचलला. खाली घोंगडीचा तुकडा. तुकड्यात शिवराई.

बाया धाडकन पाया पडल्या. बुवानं नाणं घेतलं, डोळ्याला लावलं, झोळीच्या आड हात नेऊन काहीतरी पुटपुटला, विभूती चोळली आणि पांढरं शुभ्र नाणं तिच्या हातावर ठेवलं.

राजाबाईनं जातं गाडीतून उतरवलं.

"दादा, तू जा," ती धुळाजीला म्हणाली. "मी हितंच ऱ्हाते."

"अगं येडी का खुळी? ती चुन्याची रेघ बघ वर!"

"त्यांची पांढरी खूण वर हाय. माझी उंबऱ्याखाली हाय. बघू कंची खरी."

धुळाजी रिकामी गाडी घेऊन गेला. खडखड आवाज पार खिंडीपर्यंत ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी हाफीज आला. हाफीज पौडाचा कल्हईवाला. त्याला मीच बोलावणं धाडलं होतं, कारण माझा संशय पहिल्यापासून...

"हाफीज दरसाल त्याच दिसांत यायचा," राजाबाई म्हणाली. "त्याला कुनाचं बोलावनं?"

बरं, आला. पाठीवर भाता, खांद्यावर चिमट्यांची पिशवी. गेली दोन वर्षं त्याला वाडीत एक भांडं मिळालं नव्हतं, पाणी पिऊन पुढं जायचा. आणि त्या दिवशी काय पाहतो? अंगणाअंगणातून हंडे, पातेली, तांबे. सगळ्या बाया भांडी घेऊन उभ्या. घर राहणार, मग भांडी नकोत का! हाफीजनं खड्डा उकरला, भाता लावला, कोळसा पेटवला. चार दिवसांचं काम समोर पडलेलं. गडी खूश.

राजाबाईनं हंडा पुढं ठेवला.

"मावशी, तुमी गेला न्हाई? पौडात धुळाजीमामा म्हणत होते, बहिणीला आणाया चाललोय."

"आता कुनी जात न्हाई. वाडी ऱ्हातीया." आणि तिनं सगळं सांगितलं.

हाफीजचा भाता थांबला. "हातावर? नुसत्या हातावर पांढरं केलं? नवसागर न्हाई, कथील न्हाई, आग न्हाई?"

"विभूती फकस्त."

हाफीजनं चिमटा खाली ठेवला. मग हळू म्हणाला, "मावशी, माझा आजा कल्हई करायचा, बाप करायचा, मी करतोय. तांबं पांढरं करण्यावर आमच्या तीन पिढ्या जेवल्या. आगीशिवाय तांबं पांढरं करणारी एकच चीज हाय. पारा. राखेत खलून ठेवला तर दिसत बी न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी आई न्हवं ती. नुसता वरचा रंग हाय त्यो, बघा..." तो घुटमळला. "मी बोलू नये खरं. मी पडलो मुसलमान, त्यो तुमचा बुवा. आन् मी गप बसलो तर मला चार दिसांचं काम हाय. बोललो तर ही समदी भांडी आत्ता माघारी जातील. पन मावशी, तुमी गाडी माघारी लावली. पानी आलं तर मेंढरं घेऊन जाशीला कुटं?"

राजाबाई वळली. घरात गेली. परत आली ती कुदळ घेऊन. सगळ्या बाया "अगं नको, नको" करत असताना तिनं उंबऱ्याखालचं फडकं उकरून काढलं.

"हे घे," ती म्हणाली. "खोटं बोलला असशील तर ह्याच कुदळीनं तुझा भाता फोडीन."

नाणं एका रात्रीत मळकट पिवळसर झालं होतं. हाफीजनं ते चिमट्यात धरलं. "वाऱ्याच्या अंगाला उभ्या ऱ्हावा, तोंडावर पदर घ्या. ह्याचा धूर वंगाळ." निखाऱ्यावर धरताच पांढरेपणा विरत गेला, जसं तव्यावर पाणी उडावं. चांदी गेली. खाली तांबं. त्यानं ते पाण्यात टाकलं, चिंचेनं घासलं, उन्हात धरलं आणि कपाळाला आठी घातली.

"ही तुमची शिवराई?"

"मग कुनाची?"

"हिच्यावर मधे दोन रेघा हायेत. दुदांडी म्हनत्यात हिला. ही मागनं, पेशवाईत आन् त्याच्याबी पुढं निघालेली, गाड्यांनी मिळायची. पुण्याच्या तांबट आळीत मी कथील आनाया जातो. तितं असल्या शिवराया पोत्यानं येत्यात आन् वितळून हंडे हुत्यात. तुमच्या ह्या हंड्यातबी किती शिवराया असतील, कुनास ठावं. पन तितं एक चष्मेवाले वकील येत्यात. ढिगाफुडं बसून एक एक नाणं बघत्यात. काठाला ठिपक्यांची माळ, एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपति', अक्षरं शाबूत, असलं एखादं गावलं की तांबटाला धा रुपये देत्यात. धा! ते म्हनत्यात, ही अस्सल, थोरल्या महाराजांच्या वक्ताची. तुमच्या नाण्याला ठिपके हुते का?"

आणि इथं आमच्या वाडीची अक्कल उघडी पडली. कुणालाच ठाऊक नव्हतं. चार पिढ्या पुजलेलं नाणं, आणि त्यावर काय आहे हे कुणी सांगू शकेना.

"तुमी रोज पुजायच्या न्हवं?" हाफीज म्हणाला.

"पुजायची. बघाया कशाला हवं? डोळं मिटून हात जोडत्यात."

बुवाचा सगळा धंदा या मिटलेल्या डोळ्यांवर होता. हातात देताना नाणं कुणी बघत नाही, परत घेताना पांढरं झालेलं असतं, आणि मग ते मातीखाली.

पण राजाबाई तशीच उभी राहिली. तिची बोटं हवेत काहीतरी चाचपत होती. मग म्हणाली, "थांब. पीठ आना."

आमच्या धनगरांच्या घरी एक रीत आहे. नवं कोकरू झालं की नाचणीच्या पिठात भंडारा कालवून त्याच्या कपाळावर थापायचा आणि देवातलं नाणं त्यावर दाबायचं. ठसा उठला की कोकरू देवाचं झालं. राजाबाईनं नाणं कधी बघितलं नव्हतं, पण तो ठसा ती दर साली बघत आली होती.

तिनं पिठाचा गोळा हातावर चेपला आणि नाणं दाबलं. उचललं. पिठात दोन आडव्या रेघा.

"माझ्या कोकरांच्या कपाळावर माळ उठती," ती म्हणाली. "मोत्यांची. बारीक, गोल. ह्ये माझं न्हवं."

मग आम्ही उंबराखाली गेलो. बुवाची झोळी भरली होती, उद्या पुढच्या वाडीला निघायच्या बेतात होता. राजाबाईनं नुसता हात पुढं केला. "बाबा, जरा विभूती द्या. घराला लावाया."

बुवानं दिली. तिनं ती हाफीजच्या हातात दिली. हाफीजनं तिच्याच हंड्याच्या बुडावर चोळली. हातभर पांढरा पट्टा!

"बघा," हाफीज म्हणाला, "आई हंड्यात बी आली. आता पानी ह्या हंड्यात भराचं का न्हाई? का ते उलटं फिरून विहिरीत जायाचं?"

बुवा उसळला. "म्लेच्छाचा हात लागला! आईचा कोप..."

"कोप माझ्या हंड्यावर हुंदे," राजाबाई म्हणाली. "झोळी वत."

त्यानं ओतली नाही. कुशाबानं ओतली. घोंगडीवर छत्तीस शिवराया पडल्या. चार-पाच वेगळ्या, मऊ कापडात गुंडाळलेल्या. त्यातल्या एकीच्या काठाची ठिपक्यांची माळ पार शाबूत होती. राजाबाईनं ती उचलली, पिठात दाबली, बघितली आणि चोळीच्या गाठीला बांधली.

आता तुम्हाला वाटेल, बुवाला बेदम मारला असेल. मलाही वाटलं होतं. मी काठी शोधत होतो. पण कुणाचा हातच उठला नाही. चाळीस माणसं उभी, आणि एक शिवी नाही. बुवानं घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि आमच्या मधून चालत गेला. वाट सोडायला माणसं बाजूलासुद्धा झाली.

मग उरलेल्या पस्तीस शिवराया. कुणाची कोणती? सांगता येईना. कुणी बघितल्याच नव्हत्या ना! शेवटी हाताला जी लागली ती ज्यानं त्यानं उचलली, सवयीनं कपाळाला लावली, आणि त्या खेपेला मात्र, मी बघितलं, कपाळाला लावायच्या आधी प्रत्येकानं ती उलटसुलट करून पाहिली.

चमत्कार गेला, आणि पाणी उरलं. बाया आपापली भांडी उचलून घरी गेल्या, कल्हई न करताच. हाफीजशी कुणी बोललं नाही. आभार कसले मानायचे? त्यानं खोट्या आईबरोबर घरंही नेली होती. घटकाभरानं, वासे सोडवून न्यायला, पहिल्या छपराचं गवत ओढून पाडल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या. कुणी रडत नव्हतं. चुन्याची रेघ वर होती तिथंच होती.

फक्त राजाबाई हाफीजच्या खड्ड्याशी जाऊन बसली.

"माझ्या हंड्याला कर कल्हई. खरी."

"मावशी, आता कशाला?"

"तितं गेल्यावर बी चूल पेटंलच की. त्यो पांढरा पट्टा आदी पार जाळून टाक, वंगाळ हाय म्हनालास न्हवं. आन् पौडाला जाताना धुळाजीला सांग, गाडी आन."

गाडी आली. पावसाच्या आठ दिवस आधी जातं, हंडा आणि तीस-पस्तीस मेंढरं या माळावर पोचली. आज आपण कातरतोय ती त्यांचीच लेकरं. यातल्या प्रत्येकाच्या कपाळावर मोत्यांची माळ उठली आहे.

ही झाली गोष्ट. पारा आणि राख, बदललेलं नाणं, आणि आमचे मिटलेले डोळे, एवढ्यावर एक माणूस सगळी वाडी बुडवायला निघाला होता. आणि सगळ्यांत आधी वास मला आला होता, कारण कोनाड्यातली जागा बुवाला कळावी कशी? असले लोक बाजारात बसून कान देतात, कुणा फिरस्त्याकडून ऐकलं असेल. तेव्हा पोरांनो, माझं एवढंच सांगणं. चमत्कार दिसला की हात जोडू नका, आधी डोळे उघडा. नाणं असो की माणूस, दोन्ही अंगांनी बघा. आणि विचारा. समोरचा कितीही थोर असो, कितीही ओळखीचा असो, तोंडावर विचारा: हे तुला कळलं कसं, आणि यात तुला मिळालं काय? खऱ्या माणसाला असल्या प्रश्नाचा राग येत नाही.

भिकूनं मान डोलावली. राजाबाईनं लोकर खाली ठेवली.

"विचारू?" ती म्हणाली.

"विचार की. त्यासाठीच सांगितलं."

"शिवराई माझी आधीपासनं उजव्या कोनाड्यात असायची. गाडी भरायच्या आदल्या रोजी मी ती डाव्यात हलवली. धुळाजीला बी ठावं न्हवतं. बाजारात कुनाच्या तोंडी जावी एवढा येळच न्हवता. त्या दिशी माझ्या घरात पानी प्याया एकच मानूस आला हुता, आन् मी त्याच्याम्होरं ती घोंगडीत गुंडाळली."

भिकूची कातर थांबली.

"आन् त्या साली समद्या वाडीत कुनाच्या पायात नवं कातडं न्हवतं, गेनबा," राजाबाई म्हणाली. "तुझ्या करकर वाजनाऱ्या वहाना कुटनं आल्या?"